निवांत गल्लीची कुंडली

घर बघायला गेलेलं कुटुंब फ्लॅटमध्ये अर्धा तास घालवतं. स्वयंपाकाचा ओटा किती फुटी, देवघर ईशान्येला बसेल का, वॉशिंग मशीनचा नळ कुठे आहे, बाथरूमच्या भिंतीला ओल आहे का, सगळं बारकाईनं पाहिलं जातं. मग एजंट गॅलरीचं दार उघडतो, समोरचा आंबा दाखवतो आणि म्हणतो, "एरिया एकदम शांत. सगळा फॅमिली क्राउड आहे." गल्लीची तपासणी तेवढ्यावर आटोपते. ओटा पुढेमागे बदलता येतो, बाथरूम फोडून नवं करता येतं. गल्लीचं तसं नाही. ती आपल्याला न विचारता बदलते.

शांत उपनगरातल्या घराला आपण जास्त पैसे मोजतो ते भिंतींसाठी नव्हे. शेजारचा बैठा बंगला, समोरचं मोकळं मैदान, वाहतूक नसलेला अरुंद रस्ता या सगळ्याची किंमत त्यात धरलेली असते. खरेदीखतात मात्र यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ते दुसऱ्यांच्या मालकीचं असतं आणि त्यांनी त्याचं काय करायचं हे नगररचनेचे नियम ठरवतात. म्हणून आजची शांतता किती वर्षं टिकेल हे झाडाकडे बघून कळणार नाही. रस्त्याची रुंदी, विकास आराखडा आणि आजूबाजूच्या इमारतींचं वय पाहिलं तर बऱ्यापैकी कळतं. सोयीसाठी पुण्याचंच उदाहरण घेऊ, कारण निवृत्तीनंतरचं घर असो की लेकरांच्या शाळेसाठीचं, 'निवांत उपनगर' म्हटलं की अनेक मराठी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर हीच नावं येतात.

ही उपनगरं निवांत झाली कशी? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर शहर टेकड्यांच्या दिशेनं सरकलं. गोखलेनगर, दत्तवाडी, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांची घरं उभी राहिली, सहकारी संस्थांनी जमिनी घेऊन प्लॉट पाडले. संस्थेच्या आतले रस्ते संस्थेपुरतेच होते. रिक्षा वळली म्हणजे झालं, अशा बेतानं ते वीस फुटी, म्हणजे सहा मीटरचे ठेवले गेले. पलीकडे टेकडी किंवा ओढा असल्यानं अनेक रस्ते पुढे कुठे जातच नव्हते. जो रस्ता कुठेच जात नाही त्यावर वाहतूक येत नाही, एवढं साधं त्या शांततेचं कारण आहे. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत कोथरूड, कर्वेनगरकडे तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्यांची रांग लागली. शाळा, भाजीवाला, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असलेली मध्यमवर्गीय वस्ती तयार झाली.

आता त्या सहा मीटर रस्त्याकडे पुन्हा बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. प्लॉटवर किती बांधकाम करता येईल हे एफएसआयवरून, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकावरून ठरतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार गावठाणाबाहेरच्या निवासी भागात समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर पुण्यासारख्या शहरात मूळ एफएसआय १.१० मिळतो आणि बात तिथेच थांबते. रस्ता नऊ मीटरचा झाला की पालिकेला शुल्क भरून ०.५० आणि टीडीआर विकत घेऊन ०.४० असा एकूण २.०० पर्यंत जातो. तीस मीटरच्या रस्त्यावर तो ३.०० होतो. टीडीआर म्हणजे शहरात कुणीतरी बागेसाठी, रस्त्यासाठी जागा सोडली त्याबद्दल त्याला मिळालेला बांधकामाचा हक्क. तो हक्क विकता येतो आणि दुसरीकडे वापरता येतो. म्हणजे तुमच्या गल्लीत उभी राहणारी दोन मजल्यांची भर शहराच्या भलत्याच टोकाला झालेल्या रस्त्याची असू शकते.

पाच हजार चौरस फुटांचा प्लॉट धरा. सहा मीटर रस्त्यावर मूळ हिशेबानं साडेपाच हजार फूट, नऊ मीटरवर दहा हजार. जिने, बाल्कन्या वगैरेंसाठीचा अनुषंगिक एफएसआय दोन्हीकडे वेगळाच. तीन मीटरच्या फरकानं बांधकाम जवळपास दुप्पट होतं. सहा मीटर रस्त्यावरच्या बिल्डरला जुनी इमारत पाडून हाती फारसं काही लागत नाही म्हणून तो फिरकत नाही, आणि तो फिरकत नाही म्हणूनच ती गल्ली तुम्हाला सुंदर दिसते.

२०२० साली पुणे महापालिकेत सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एवढा गदारोळ का झाला हे यावरून कळावं. महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची नवी रेषा आखायची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्लॉटांतून दीड-दीड मीटर जागा रस्त्यात जाणार. जुन्या सोसायट्यांमधून फिरताना एकदा त्या दीड मीटरमध्ये काय आहे ते पाहा. कुंपणाची भिंत, तिला लागून बुचाचं किंवा कडुनिंबाचं झाड, फाटकालगतची जास्वंद, पाण्याचा मीटर आणि स्कूटर लावायची जागा. एजंटनं दाखवलेला आंबाही बहुधा तिथेच उभा असतो. सोसायट्या मोडकळीला आल्या आहेत, पुनर्विकास व्हायला हवा, हे समर्थकांचं म्हणणं खोटं नव्हतं. गाड्या, पाणी, मैलापाणी यांचं काय, हा विरोधकांचा प्रश्नही खराच होता. घर घेणाऱ्याला या वादात बाजू घ्यायची गरज नाही. आपली गल्ली आज किती मीटरची आहे आणि कागदावर किती मीटरची दाखवली आहे, हे दोन आकडे त्याला माहीत असले म्हणजे पुरे.

यातून निघणारा निष्कर्ष थोडा उफराटा आहे. नऊ-बारा मीटर रस्त्यावर पस्तीस-चाळीस वर्षांच्या तीन मजली इमारतींची रांग असेल, तर ती आज कितीही निवांत असली तरी येत्या दहा वर्षांतली ती शहरातली सर्वांत गोंगाटाची जागा ठरू शकते. २०१९ पासून सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. त्याआधी तीन-चतुर्थांश लागायची. एका इमारतीच्या पाडापाडीपासून ताब्यापर्यंत तीन वर्षं धरा. सगळ्या सोसायट्या काही एकाच मुहूर्तावर नारळ फोडत नाहीत. एकीचं संपतं तेव्हा दुसरीचं सुरू होतं. ब्रेकर, काँक्रीटचे मिक्सर, पहाटे सळया उतरवणारा ट्रक आणि खिडकीच्या गजांवर रोजचा सिमेंटचा थर. उलट पाच-सात वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या वस्तीत, आज ती जरा रूक्ष वाटली तरी, पुढची पंचवीस वर्षं पाडापाडी होण्याचं कारण नसतं. माझ्या मते लहान मूल किंवा दमेकरी आजोबा घरात असतील तर या दुसऱ्या प्रकारच्या वस्तीचा विचार आधी करावा. झाडं लावता येतात. जुन्या सोसायटीत घर घेऊन पुनर्विकासात मोठं घर मिळवायचं हाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ती गुंतवणूक आहे, शांततेचा शोध नव्हे.

'मेट्रो जवळ' या जाहिरातीचंही असंच आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि पौड रस्त्यालगतच्या घरांना भाव आला. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण स्थानकाभोवतीच्या ५०० मीटरच्या परिघात, रस्ता पुरेसा रुंद आणि प्लॉट मोठा असेल तर, एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. मेट्रोजवळची शांत गल्ली हवी असेल तर या परिघाच्या जरा बाहेर शोधावी. दहा मिनिटं चालायला लागतात, तेवढंच.

यानंतर विकास आराखडा, ज्याला सगळे डीपी म्हणतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली तो तयार होतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे दहा वर्षं कागदांत गेली. गॅलरीसमोरच्या मोकळ्या जागेवर बाग, शाळा, भाजी मंडई की रस्ता असं कुठलं आरक्षण आहे, हे त्यात दिसतं. समोर मैदान आहे म्हणून उजेड-वारा कायमचा, असं समजणाऱ्यांनी याच कायद्याचं कलम १२७ लक्षात ठेवावं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मग त्या मैदानावर मालक शेजारच्या प्लॉटसारखं बांधकाम करू शकतो. पालिकेनं ताब्यात घेऊन कुंपण घातलेली बाग आणि खाजगी मालकीचं 'आरक्षित' मोकळं रान, ही दोन्ही गॅलरीतून सारखीच हिरवी दिसतात.

नकाशावरच्या रेषा किती वर्षं झोपून राहू शकतात याचं पुण्यातलं ठळक उदाहरण म्हणजे एचसीएमटीआर. शहराला आतून कडं घालणारा हा सुमारे ३६ किलोमीटरचा वाहतूक मार्ग १९८७ च्या आराखड्यात आला. त्यानंतर त्या रेषेच्या आजूबाजूला घरं विकली गेली, मुलं वाढली, लग्नं झाली, आणि मार्ग कागदावरच राहिला. तीसेक वर्षांनी निविदेच्या हालचाली झाल्या तेव्हा अनेकांना आपल्या खिडकीसमोरून उन्नत रस्ता जाणार असल्याचं पहिल्यांदा कळलं. ही माहिती गुप्त मुळीच नव्हती. पालिकेच्या बांधकाम विभागात सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. लाखो रुपयांच्या व्यवहारात हा किरकोळ खर्च आहे. तरी बँकेला लागत नाही म्हणून तो फार कमी लोक करतात.

टेकडी आणि ओढा यांच्याबद्दल दलाल हमखास बोलतात: हिल व्ह्यू, रिव्हर टच. टेकडीच्या बाबतीत समोरचा उतार डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्रात किंवा जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात, म्हणजे बीडीपीत, आहे का हे पाहावं. असेल तर दृश्य टिकण्याची शक्यता चांगली; पण इमारतच त्या उतारावर चढलेली असेल तर तिच्या परवान्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं.

ओढ्याचं प्रकरण अधिक गंभीर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा भरून आला. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वती पायथा असा येत तो मुठेला मिळतो. एरवी गुडघाभर पाण्याचा नाला. त्या रात्री त्यानं सोसायट्यांच्या संरक्षक भिंती पाडल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढवल्या आणि माणसं वाहून नेली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. नदीलगत पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मध्ये निर्बंध. नदीच्या बाबतीत या रेषा नकाशावर सापडतात. ओढ्याच्या बाबतीत समोरच्या दुकानदाराला विचारावं, की २०१९ साली पाणी कुठवर आलं होतं. तो बहुतेक भिंतीवरची जागाच दाखवतो.

पुराचं पाणी वर्षातून एखादा दिवस, नळाचं रोज. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचं सर्वसाधारण प्रमाण. जुन्या उपनगरांत ते कमी-जास्त मिळतं. नव्यानं हद्दीत आलेल्या गावांत, जिथे मोठ्या टाउनशिप, पोहण्याचे तलाव आणि मुलांसाठी वेगळी खेळघरं आहेत, तिथे बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. पालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही सोय करू असं हमीपत्र बिल्डर देतो, सोसायटी हस्तांतरित करून मोकळा होतो, आणि टँकरचं बिल सभासदांच्या देखभाल खर्चात येऊन बसतं. बाणेर-बालेवाडीत तर पाण्याच्या प्रश्नावरून २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं नव्या बांधकामांना काही काळ अटकाव केला होता. फाटकातून दिवसाला किती टँकर आत जातात, हे सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर तो खरं सांगतो. त्याला फ्लॅट विकायचा नसतो.

आवाजाचा कायदा सरळ आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. अंमलबजावणीचं विचारू नका. घर घेणाऱ्यानं कायद्यापेक्षा पंचांगावर भरवसा ठेवावा. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डीपी रस्त्यावर नदीच्या बाजूनं मंगल कार्यालयांची आणि लॉन्सची रांग आहे. चातुर्मासात तिथून चाललात तर नदीकाठची हवा, हिरवळ आणि शुकशुकाट. ऑगस्टमध्ये घर बघणाऱ्याला ही स्वर्गीय जागा वाटेल. तुळशीचं लग्न लागलं की पुढचे कित्येक महिने संध्याकाळी वराती, बँड, डीजे, फटाके आणि रस्त्यावर दुहेरी पार्किंग. तेव्हा जवळपास कार्यालय असेल तर घर मार्गशीर्षात बघावं. शाळेलगतचं असेल तर सकाळी सातला, जेव्हा स्कूल व्हॅन, रिक्षा आणि दुचाकीवरचे पालक एकाच वेळी येतात. खाऊगल्लीजवळचं असेल तर शनिवारी रात्री अकराला. लोहगावकडचं असेल तर विमानं उतरत असताना.

मुलांसाठी चांगली वस्ती कोणती हे ठरवायला मी एकच साधी कसोटी वापरतो. संध्याकाळी सहा वाजता आठ-दहा वर्षांची मुलं रस्त्यावर मोठ्यांशिवाय दिसतात का? ती एकटीच वाण्याकडे पाठवली जातात का? दिसत असतील तर तिथे वेग कमी आहे, ओळखी आहेत आणि कुणीतरी गॅलरीतून लक्ष ठेवतंय. क्लब हाऊसमधल्या रंगीत घसरगुंडीनं यातलं काहीच सिद्ध होत नाही. म्हाताऱ्या माणसांचंही तसंच. बसायला कट्टा आणि त्यावर बसलेली माणसं, दोन्ही हवीत.

आता पैशांचं. एक कोटीचं जुनं घर, म्हणजे रिसेल, धरलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांच्या वरच्या कर्जात घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. व्यवहारात ७५ लाख कर्ज आणि २५ लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार. दलाली, वकील, सामान हलवणं हे वेगळं. तेव्हा हातात तेहतीस-चौतीस लाख नसतील तर एक कोटीचं घर आपलं नाही, हे आधीच मान्य करावं. ७५ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी महिना ६५ हजारांच्या आसपास येतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी खरेदीदाराची असते. विकणारा ओळखीचा आहे म्हणून ती टळत नाही.

कागदांत मूळ करारापासून आजपर्यंतची साखळी, सूची क्रमांक दोन, भोगवटा पत्र, भाग दाखला आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल हे सगळे सांगतातच. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पावरचे दावे आणि पूर्णत्वाची तारीख पाहावी. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर मागू शकत नाही. कमी लोक विचारतात तो प्रश्न म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर वाढलेला एफएसआय कुणाचा, यावर जुना बिल्डर पंचवीस वर्षांनी उगवतो. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय कायद्यात आहे, पण अजून अर्ज केलेला नाही असं सांगणाऱ्या सोसायट्या जागोजाग भेटतात. हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात २५ हजारांच्या वर घेता येत नाही. 'विकास निधी'च्या नावाखाली लाखभर मागितले तर पावती कशाची देणार, एवढंच विचारावं.

व्यवहार पक्का करण्याआधी विकणाऱ्याकडून सोसायटीच्या गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं मागून घ्या. तो सभासद आहे, त्याला ती मिळतात. गच्चीची गळती कुणी थांबवली, टँकरवर किती खर्च झाला, तळमजल्यावरच्या क्लासबद्दल कोण तक्रार करतंय, पुनर्विकासाचा विषय 'आयत्या वेळच्या विषयां'मधून विषयपत्रिकेवर केव्हा सरकला, हे सगळं तिथे सचिवाच्या अक्षरात लिहिलेलं असतं. बिल्डरांकडून प्रस्ताव मागवण्याचा ठराव मंजूर झालेला दिसला, तर समोरच्या आंब्याचे पैसे किमतीत धरू नका.